न विचारता आणलेली फांदी

प्रमिलाताई हुपरीकरांच्या अंगणातून मी न विचारता आणलेल्या मोगऱ्याच्या फांदीला नवव्या दिवशी त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी आली.

आली तेव्हा ती अंगठ्याच्या नखाएवढी होती. वरून तिसऱ्या पेरावर, जिथे एरवी कळी धरते तिथे. दोन हिरव्या झडपा, मधे पितळी कडी, भोवती दगडी चौकट. आधी मला वाटलं, कीड आहे. चष्मा पुसून मी पुन्हा पाहिलं आणि काडीच्या टोकानं कडी उचलली. झडप उघडली आणि आतून फोडणीचा वास आला. मोहरी, हिंग आणि जरासा करपलेला लसूण. प्रमिलाताईंचा लसूण नेहमी जरासा करपतो.

रविवार संध्याकाळपर्यंत खिडकी पुऱ्या मापाची झाली. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या त्या फांदीनं ती नीट पेलली होती. मी रस्त्यापलीकडे पाहिलं. हुपरीकरांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला आता खिडकी नव्हती. गिलावा सलग होता आणि त्यावरचा पिवळा रंगही सगळीकडे सारखाच जुना होता.

मी चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. निवृत्त झाल्यावर शिक्षक कॉलनीतल्या या घरापुढे बारा फूट बाय वीस फूट जागेत बाग करायला घेतली. जमीन चुनखडीची. सदाफुलीखेरीज काही टिकेना. मी गांडूळखत घातलं, आंबट ताक शिंपडलं, वीतभर माती काढून नदीकाठची गाळाची माती भरली, वाफ्यांना उतार दिला. ज्यांच्या ज्यांच्या बागा चांगल्या होत्या त्यांच्याकडून रोपं मागून आणली. सगळ्यांनी हसतमुखानं दिली आणि सगळी वाळली.

आमच्याकडे म्हणतात की मागून आणलेली फांदी लागत नाही, न सांगता आणलेली लागते. लहानपणापासून हे मी ऐकलं होतं आणि कधी करून पाहिलं नव्हतं. प्रमिलाताईंच्या फाटकाला कडी नाही. विचारलं असतं तर त्यांनी मोगरा मुळासकट काढून दिला असता. म्हणूनच मी विचारलं नाही. त्या बँकेत गेल्या होत्या तेव्हा मी जाऊन पेरावरच्या डोळ्याखाली तिरका काप घेतला, फांदी ओल्या फडक्यात गुंडाळली आणि रस्ता ओलांडून आले. त्या दिवशी मला चहाला साखर जास्त लागली.

सोमवारी सकाळी प्रमिलाताई आल्या. माझं फाटक उघडंच होतं तरी त्या बाहेर थांबल्या.

"येऊ का आत?"

"या की. विचारताय काय."

पोस्टात त्या तीस वर्षं खिडकीमागे बसल्या. रांग मोडून त्यांनी कोणाला साधं कार्ड दिलं नाही आणि ऑफिसातली टाचणीसुद्धा कधी घरी आणली नाही. विचारल्याशिवाय त्यांचं पाऊल पुढे पडत नसे.

"देशमानेबाई, आमची खिडकी गेली."

"कुठली?"

"स्वयंपाकघरातली. तुम्ही पाहिली होती ना? का मलाच भास व्हायचा?"

"पाहिली होती."

"मग बरं झालं. म्हणजे होती." त्या जरा हलक्या झाल्यासारख्या दिसल्या. "आता दिवसा दिवा लावून भाकरी थापते. धूर बाहेर जात नाही. डोळे बघा कसे झालेत."

मी बघितले. लाल होते.

माझ्या मागे मोगऱ्यावर खिडकी होती. एव्हाना मी तिच्या गजांवर तोंडलीचा वेल चढवला होता. प्रमिलाताईंनी माझ्या खांद्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"ही छान केलीत. वेलाला आधार झाला. आमच्यासारखीच आहे."

"हो का?"

"कडीसुद्धा. आमची कुरकुरायची जरा." त्यांनी विचारलं, "हात लावू?" आणि मी मान हलवल्यावर कडी उचलली. कडी कुरकुरली. "हीपण कुरकुरते. दोन थेंब तेल घाला हो. एवढ्यानं भागतं."

"घालते," मी म्हणाले.

त्या गेल्यावर पाहिलं तर त्यांनी धरलेली कडी काळी पडून वाळलेल्या देठासारखी लोंबत होती. हात लावताच ती गळून खाली पडली.

म्हणीचा उरलेला भाग मला तेव्हा आठवला. लागलेली फांदी सांगून टाकली तर वाळते. मग मी दुपारी मोगऱ्याजवळ उभी राहून हळू आवाजात म्हणून पाहिलं, "ही फांदी मी प्रमिलाताईंच्या..." तेवढ्यानं वरची दोन पानं आत वळली आणि डाव्या झडपेवरच्या हिरव्या रंगाचा पोपडा सुटून मातीत पडला. मी गप्प झाले. रस्त्यापलीकडच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे पोपड्याएवढाही हिरवा रंग उमटला नव्हता. खिडकी इथून गेली तर तिकडे जाणार नव्हती. ती नुसती जाणार होती.

तेव्हा सांगायचं नाही असं मी ठरवलं. निदान पाणी घालून जगवायची. मला ते त्या वेळी जबाबदारीचं वाटलं.

परत करायचा एक प्रयत्न मी केला. माझ्या मोगऱ्याची, म्हणजे त्यांच्याच मोगऱ्याची, एक फांदी कापली आणि प्रमिलाताई देवळात गेल्या असताना त्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीखाली लावली. दुसऱ्या दिवशी ती काडी झाली होती. मला ते आधीच कळायला हवं होतं. आपल्या बागेतलं आपल्याला चोरता येत नाही.

दर रविवारी सकाळी आठ वाजता माझ्याकडे बारा मुलं येतात. मागच्या इमारतींमध्ये राहणारी. त्यांच्या गॅलऱ्यांमध्ये ऊन येत नाही, म्हणून त्यांच्या कुंड्या माझ्याकडेच असतात, कुंडीवर खडूनं नाव लिहून. मी त्यांना माती ओळखायला शिकवते. मूठ आवळायची, उघडायची, ढेकूळ राहिलं की फुटलं ते बघायचं. मुलांना शिकवायचं तर घाई करायची नाही. एक गोष्ट एका दिवशी, एवढाच माझा नियम आहे.

त्यानंतरच्या रविवारी त्यांनी खिडकी पाहिली.

"बाई, ही झाडाला आली?" पार्थ गुरवनं विचारलं.

"हो."

"कशी?"

मुलांनी विचारलं की मी खरं सांगते. चौतीस वर्षांची सवय आहे. पण सगळं खरं सांगितलं असतं तर खिडकी वाळली असती. म्हणून मी अर्धं सांगितलं. म्हटलं, "फांदी न विचारता आणली की लागते."

"कुणाची आणली?"

"ते सांगायचं नसतं."

मुलं खूश झाली. सानिया मुजावरनं तेवढा हात वर केला. ती नऊ वर्षांची आहे आणि तिला कळल्याशिवाय ती पुढे जात नाही. वर्गात अशी मुलं असली की मला बरं वाटतं.

"बाई, विचारून आणलेली का लागत नाही?"

"विचारलं की ती फांदी देणाऱ्याची राहते. तिचं लक्ष मागे राहतं. मूळ धरत नाही."

"आणि न विचारता आणली तर तिला कळत नाही का, ती कुणाची?"

"नाही."

"मग ती हरवलेली असते," सानिया म्हणाली.

मी पुढचा मुद्दा घेतला. काप कुठे घ्यायचा, खालची पानं का काढायची, पहिले आठ दिवस उन्हात का ठेवायची नाही. शेवटी गृहपाठ दिला. प्रत्येकानं एक फांदी आणायची आणि आपल्या कुंडीत लावायची. प्रमिलाताईंकडून आणू नका, असं मला म्हणायचं होतं. पण ते म्हणणं म्हणजे सांगणंच झालं असतं. मी मोगऱ्याकडे पाहिलं आणि मुलांना घरी सोडलं.

कॉलनीत सगळ्यांच्या फाटकांना कड्या आहेत. मुलं कडी नसलेल्या फाटकातून गेली.

नवव्या दिवसानंतरच्या रविवारी कुंड्या बघायला मुलं साडेसातलाच आली. पार्थच्या जास्वंदीला जिना आला होता, पहिल्या तीन पायऱ्या कुंडीबाहेर पडून जमिनीला टेकल्या होत्या. जुईला न्हाणीघराचा नळ. कोणाच्या कर्दळीला फडताळ, त्यात डबे, डब्यांवर प्रमिलाताईंच्या अक्षरात चिठ्ठ्या. शेवंतीला पुढचा दरवाजा. एका मुलाच्या तुळशीला भिंतीचा तुकडा, खिळा आणि खिळ्याला कॅलेंडर, त्यावर दुधाच्या खाड्याच्या खुणा. अकरा कुंड्यांना काही ना काही आलं होतं. मुलं एकमेकांना दाखवत होती.

"माझा जिना तुझ्या नळापेक्षा मोठा आहे."

"पण तुझ्या जिन्याला पाणी येत नाही."

सानियाच्या कुंडीत काळी काडी होती.

"बाई, माझंच नाही लागलं."

"विचारलंस का?"

ती खाली बघायला लागली. पार्थ म्हणाला, "बाई, हिनं बेल वाजवली. आम्ही कुंपणाआड लपलो होतो आणि हिनं बेल वाजवली."

मुलं हसली.

"त्या आजी म्हणाल्या, घे बाळ, दोन घे," सानिया म्हणाली. "मी एकच घेतली."

मी तिच्या शेजारी गुडघ्यावर बसले. मूल चुकलं की त्याच्या उंचीला यायचं आणि हळू बोलायचं, हे मी नव्या शिक्षकांनाही सांगत आले आहे. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि अगदी हळू म्हणाले, "पुढच्या वेळी विचारू नकोस."

तिनं मान हलवली. तिनं पाटीवर चुकलेलं अक्षर पुसावं तशी ती काळी काडी उपटून कुंडीची माती सारखी केली.

त्यानंतर मुलं फांद्या आणत राहिली आणि माझी बाग सुधारली. खोटं का बोलू, ती फार सुधारली. जिना मी पूर्वेच्या भिंतीला लावला. पायरीपायरीवर कुंड्या ठेवल्या की मागच्या झाडालाही ऊन मिळतं. नळाखाली भोकं पाडलेली बांबूची पन्हळ बसवली, थेंब थेंब पाणी सगळ्या वाफ्यांना जाऊ लागलं. फडताळात बी-बियाणं राहिलं. दरवाजा आडवा टाकून त्यावर मुलांना बसायला बाक केला. खिडकीमुळे मिळालेल्या आडोशानं कोथिंबीर दुपारची मान टाकेनाशी झाली. कॉलनीतले लोक बघायला येऊ लागले. "बाई, कल्पना कुठून सुचतात हो तुम्हाला?" असं विचारत. मी म्हणत असे, असलेल्या वस्तू वापरायच्या. मी सकाळी उठून पहिल्यांदा बागेत जायची आणि मला आनंद व्हायचा. आनंद झाल्यावर मग मी पलीकडे बघायची.

पलीकडे प्लॉटच्या मधोमध उंबरा उरला होता आणि उंबऱ्यावर प्रमिलाताई बसलेल्या असत. मागे काही नव्हतं. जाणारे येणारे त्यांना नमस्कार करत.

त्या घागर घेऊन माझ्याकडे येऊ लागल्या.

"पाणी घेऊ का थोडं?"

"घ्या."

"गोड आहे हो तुमच्या नळाचं. आमच्याही नळाला असंच यायचं."

घागर भरली आणि नळाचं तोंड वाळून शेंगेसारखं तडकलं. दुसऱ्या दिवशी पाण्याची धार निम्मी झाली. मला हे कळायला तीन दिवस लागले. त्या मागायच्या, मी द्यायची आणि दिलेलं वाळायचं. एका रविवारी त्यांनी जिन्याजवळ येऊन विचारलं, "बसू का जरा पायरीवर? गुडघे दुखतात." मी उत्तर द्यायच्या आत पार्थ म्हणाला, "बसा की आजी." त्या बसल्या. त्या उठल्या तेव्हा ती पायरी सुरकुतली होती आणि संध्याकाळी ती गळून पडली. म्हणजे बागेतल्या कोणीही हो म्हटलं तरी तेच.

मग मी मुलांना सांगितलं की आजींनी काही विचारलं तर उत्तर द्यायचं नाही. आणि मी नाही म्हणायला लागले.

"पाणी घेऊ का, बाई?"

"नको."

"जरा टेकू?"

"तिथे नको, प्रमिलाताई. उभ्याच राहा."

"बरं," त्या म्हणायच्या. त्यांना राग आला नाही. काउंटरवर आज तिकिटं संपलीत असं कोणी सांगितलं की माणूस जसा उद्या येतो, तशा त्या दुसऱ्या दिवशी येत. एकदा म्हणाल्या, "तुमचं काही चुकत नाही हो. बाग म्हटली की नियम हवेत."

त्यांच्या जिन्यावर त्यांना बसू न देता मी त्यांचा जिना जपत होते. त्यांना पाणी न देता त्यांचा नळ जपत होते. रात्री अंथरुणावर पडलं की हे मला बरोबर वाटायचं. सकाळी त्या फाटकाशी दिसल्या की वाटायचं नाही.

सानियानं दुसऱ्यांदा फांदी आणली ती मला न सांगता. मी सांगितल्याप्रमाणे तिनं कोणालाच विचारलं नव्हतं. रविवारी तिच्या कुंडीत काहीतरी लावलेलं दिसलं. बोटभर, काळं-पांढरं, टोकाला लाल दोरा बांधलेला.

"हे काय आहे?"

"फांदी."

"कशाची?"

"बाई, तिथे दुसरं काही नव्हतं," सानिया म्हणाली. "झाडं संपली. आजी उंबऱ्यावर डुलक्या घेत होत्या. मी वेणीचं टोक घेतलं. तिरकं कापलं, तुम्ही शिकवलं तसं."

मी कुंडीपाशी बसले. माती ओली होती, सावलीत ठेवलेली होती, खालचे केस काढून टाकले होते. तिनं सगळं बरोबर केलं होतं.

चौथ्या दिवशी कुंडीतून खोकला ऐकू आला. सातव्या दिवशी मातीत सरळ भांग दिसला, नंतर कपाळ. नवव्या दिवशी डावा कान वर आला, त्यात मोत्याची कुडी होती. कान फार लहान होता, पण आम्ही बोललो की तो जरासा आमच्याकडे वळायचा.

"माझंही लागलं," सानिया म्हणाली. तिला इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं. "बाई, बघा ना. माझंही लागलं."

"छान," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? हे उपट म्हटलं असतं तर काय उपटलं जाणार होतं ते मला माहीत होतं.

पलीकडे प्रमिलाताई पातळ झाल्या. आधी मला वाटलं, धुकं आहे. मग त्यांच्यातून उंबऱ्याचं लाकूड दिसू लागलं. त्यांच्या डाव्या बाजूनं बोललं की त्यांना ऐकू येईनासं झालं. मी दुधाच्या पिशवीला बाहेर गेले तेव्हा त्यांनी हाक मारली. आवाज शेजारच्या बंद खोलीतून यावा तसा होता.

"देशमानेबाई, सानियाच्या आईनं मला कात्री दिली बघा. मी म्हटलं, तुमच्याकडे यायचं आहे."

"कशाला?"

"माझ्या अंगणात काही उरलं नाही. म्हटलं, तुमच्याकडची एक फांदी न्यावी आणि पुन्हा सुरुवात करावी. कुठलीही. मोगरा असला तर बरं. माझा मोगरा चांगला होता." त्या थांबल्या. "रविवारी येऊन विचारते. आज तुमची घाई असेल."

मला तेव्हा सगळं कळलं, आणि फार सोपं होतं. माझ्या बागेतली कुठलीही फांदी प्रमिलाताईंनी न विचारता नेली असती तर ती लागली असती. नवव्या दिवशी तिला माझ्याकडची खिडकी आली असती, किंवा जिना, किंवा त्या स्वतः. माझं जे जायचं ते गेलं असतं. पण न विचारता न्या, असं मी म्हटलं की ती दिलेली झाली. आणि मी काही म्हटलं नाही तर त्या विचारणार. तीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं.

त्या आठवड्यात मी वाफ्यांना पाणी घालत होते आणि उत्तर शोधत होते. मुलांना अवघड गणित घालताना मी म्हणते, काय दिलंय ते बघा, काय विचारलंय ते बघा. विचारलेलं मी ऐकलंच नाही तर? न ऐकलेला प्रश्न म्हणजे न विचारलेलाच. मी दोनदा तपासलं. त्यात मला चूक सापडली नाही.

रविवारी साडेसातला प्रमिलाताई फाटकाशी आल्या. त्या इतक्या पातळ होत्या की कात्रीच आधी दिसली. मी त्यांच्याकडे पाठ केली, पश्चिमेच्या कुंपणभिंतीशी गेले, भिंतीकडे तोंड केलं आणि कानांच्या पाळ्या चिमटीत धरून आत दाबल्या. आवाज बंद झाला. कानात फक्त माझंच रक्त वाहत होतं. मी तशी उभी राहिले. आता त्यांनी आत यावं, कापावं आणि जावं. मी कुठेही जाणार नव्हते.

किती वेळ गेला ते सांगता येत नाही. मग उजवीकडे कोणीतरी येऊन उभं राहिलं. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. पार्थ होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, काहीतरी विचारलं, मला ऐकू आलं नाही. मग त्यानं भिंतीकडे तोंड केलं आणि दोन्ही कान धरले. त्याच्या पलीकडे दुसरा मुलगा आला. मग दोन मुली. कोणी खुदकन हसलं असावं, खांदे हलले, मग स्थिर झाले. बाईंना कोणीतरी शिक्षा केली आहे, एवढं त्यांना दिसत होतं. बाई उभ्या असताना आपण बसायचं नाही, हेही मीच त्यांना शिकवलं होतं. एकेक करून ती रांगेत उभी राहिली, कोपरांना कोपरं लागू न देता, प्रार्थनेला उभी राहतात तशी.

सानिया सगळ्यात शेवटी आली आणि माझ्या डाव्या हाताला उभी राहिली. तिच्या कडेवर तिची कुंडी होती. त्यामुळे तिला एकच कान धरता आला.

मला तिला सांगायचं होतं, कुंडी खाली ठेव. पण बोललं तर मागे ऐकू गेलं असतं. मी मान हलवली. तिला वाटलं, मी शाबासकी देते आहे. तिनं तो एक कान आणखी घट्ट धरला.

ऊन आमच्या पाठीमागून येत होतं. भिंतीवर आमच्या सावल्या पडल्या होत्या. मधे माझी, दोन्हीकडे मुलांच्या, सगळ्यांची कोपरं बाहेर. खिडकीची सावली होती, जिन्याची होती. मग त्यांच्यामधून आणखी एक सावली सरकत आली. पाण्यात शाईचा एक थेंब सोडल्यावर होते तेवढीच काळी. ती मोगऱ्याच्या सावलीपाशी थांबली. तिचं तोंड उघडलं आणि मिटलं.

मी कान इतके दाबले की डोळ्यांतून पाणी आलं. पार्थनं माझ्याकडे पाहून त्याचेही दाबले.

सावली थांबून राहिली. आपल्या पाळीची वाट बघत उभं राहावं तशी. तिचं तोंड पुन्हा उघडलं, या वेळी जास्त वेळ. मग तिचा हात वर आला. कात्री उघडली होती आणि तिच्या दोन पात्यांमध्ये मोगऱ्याची फांदी होती.

माझ्या शेजारची लहान सावली मागे वळली. कुंडी तिनं दोन्ही हातांनी सावरली, आणि कोणी मोठ्या माणसानं काही विचारलं की मूल मान वर करून ज्या तऱ्हेनं बघतं, त्या तऱ्हेनं मान वर करून तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं.